कोरड्या डोळ्यांचे थेंब: मी कुठले घेते, कुठले टाळते, आणि सशांवरच्या चाचणीतून त्याबद्दल काय कळतं

मेडिकलमध्ये जाऊन "डोळे कोरडे पडतात, काहीतरी ड्रॉप्स द्या" म्हटलं की काउंटरवरचा मुलगा मागच्या खणातून हाताला येईल ती बाटली काढून देतो. खोका निळा नाहीतर हिरवा, वर डोळ्याचं चित्र, नावात कुठेतरी ‘टिअर’ किंवा ‘फ्रेश’. किमतीत मात्र दुपटी-चौपटीचा फरक. हा फरक कशाचा, आणि त्यातला कुठला खर्च करण्यासारखा आहे, ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे. मी स्वतः हे थेंब रोज घालते. नोकरीत असताना पुण्याबाहेरच्या एका टॉक्सिकॉलॉजी (पदार्थांचा अपाय तपासणाऱ्या) प्रयोगशाळेत डोळ्यांची औषधं सशांच्या डोळ्यांत घालून त्यांच्या नोंदी ठेवायचं कामही केलं आहे. त्यामुळे बाटली हातात आली की मी आधी पाठीमागची बारीक अक्षरं वाचते.

माझा त्रास पाळी गेल्यानंतर सुरू झाला. संध्याकाळपर्यंत डोळ्यांत कण गेल्यासारखं खुपायचं, वाचताना ओळी धूसर व्हायच्या आणि स्कूटरवर वारा लागला की उलट घळाघळा पाणी यायचं. डोळे कोरडे असतील तर पाणी कसं येईल, असं बऱ्याच जणींना वाटतं आणि त्या डॉक्टरांकडे जायचं टाळतात. पण चुरचुरलेला डोळा स्वतःला वाचवायला एकदम पाणी सोडतो. ते पातळ पाणी डोळ्यावर टिकत नाही, गालावर ओघळून जातं. डॉक्टर मॅडमनी शर्मर चाचणी केली. खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसायचं. माझी पट्टी ६ मिलिमीटर ओली झाली. १० च्या वर गेली असती तर ठीक म्हणता आलं असतं. ही पट्टी मी ओळखत होते. तशीच पट्टी आम्ही सशांच्या पापणीत अडकवायचो.

मॅडमनी पहिल्यांदा लिहून दिलं ते रिफ्रेश टिअर्स. आत कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज, म्हणजे सीएमसी, ०.५ टक्के, आणि बाटली उघडल्यावर जंतू वाढू नयेत म्हणून स्टॅबिलाइज्ड ऑक्सिक्लोरो कॉम्प्लेक्स नावाचा प्रिझर्व्हेटिव्ह. थेंब पडला की लगेच गार वाटतं, आग होत नाही, काही क्षण समोरचं धूसर दिसतं आणि मग स्वच्छ. आराम मला तासभर मिळतो, ऑफिसच्या एसीत त्याहून कमी. बाटली मऊ आहे, बोटांत जोर नसलेल्या माणसालाही दाबता येते. ऑक्सिक्लोरो कॉम्प्लेक्सचं मला आवडतं ते हे की डोळ्यात गेल्यावर आणि उजेड लागल्यावर त्याचं विघटन होऊन मीठ, पाणी आणि ऑक्सिजन उरतो. दिवसातून तीन-चार वेळा थेंब घालणाऱ्या माणसाला ही बाटली पुरेशी आहे. सौम्य त्रासासाठी मी आजही हीच सुचवते.

सीएमसी म्हणजे वनस्पतींतल्या सेल्युलोजवर प्रक्रिया करून केलेला घट्टपणा आणणारा पदार्थ. आइस्क्रीममध्येही तो घालतात. अमेरिकेत १९८८ पासून डोळ्यांच्या थेंबांसाठी सरकारने एक ठरलेली यादीच करून ठेवली आहे. सेल्युलोजचे प्रकार ०.२ ते २.५ टक्के, पॉलिव्हिनाइल अल्कोहोल ०.१ ते ४ टक्के, ग्लिसरीन ०.२ ते १ टक्का, असं. या यादीत आणि या प्रमाणात बसणारं वंगण कुणी बाटलीत भरलं, तर ते सुरक्षित आहे हे प्रत्येक कंपनीला नव्याने सिद्ध करत बसावं लागत नाही. हे मला मनापासून योग्य वाटतं, कारण ‘नव्याने सिद्ध करणं’ म्हणजे काय ते मी जवळून पाहिलं आहे.

सशाच्या डोळ्यावरची जी चाचणी सगळ्यांनी ऐकलेली असते ती ड्रेझ चाचणी. अमेरिकेत १९३३ च्या सुमारास ‘लॅश लूर’ नावाच्या पापण्या रंगवायच्या डायमुळे काही बायकांची दृष्टी गेली, एकीचा जीव गेला. १९३८ साली तिथे कायदा कडक झाला आणि १९४४ मध्ये त्यांच्या अन्न व औषध खात्यातल्या जॉन ड्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजणीची पद्धत छापली. पांढरा ससा घ्यायचा. त्याची खालची पापणी ओढून जी खोबण तयार होते तिच्यात ०.१ मिलिलिटर पदार्थ सोडायचा, पापण्या क्षणभर मिटून धरायच्या, दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवायचा. मग १ तास, २४ तास, ४८ तास, ७२ तासांनी बघायचं. कॉर्निया, म्हणजे डोळ्यावरचा पारदर्शक पडदा, किती ढगाळ झाला त्याला जास्तीत जास्त ८० गुण, आयरिसला, म्हणजे त्याच्या मागच्या रंगीत भागाला, १०, पांढऱ्या भागाच्या आणि पापणीच्या आतल्या लालीला, सुजेला, स्रावाला मिळून २०. एकूण ११०. गुण जितके जास्त तितकी इजा मोठी.

या ०.१ मिलिलिटरचा अर्थ लक्षात घ्या. माणसाच्या डोळ्यावर एका वेळी अश्रू असतात साधारण ७ मायक्रोलिटर, आणि पापणीच्या खोबणीत फार तर ३० मायक्रोलिटर मावतं. बाटलीचा एक थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा. सशाच्या डोळ्यात पडायचं ते ०.१ मिलिलिटर, म्हणजे १०० मायक्रोलिटर. (म्हणूनच एका वेळी दोन थेंब घालू नका, दुसरा सगळा गालावर जातो. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये पाच-दहा मिनिटं जाऊ द्या.) शिवाय माणूस मिनिटाला बारा-पंधरा वेळा पापणी लववतो आणि थेंब धुऊन निघतो. ससा कित्येक मिनिटं पापणी लववतच नाही. त्याला तिसरी पापणी आहे, जी आपल्याला नाही. त्याचा कॉर्निया आपल्यापेक्षा पातळ. म्हणजे सशाच्या डोळ्यात पदार्थ जास्त वेळ, जास्त प्रमाणात आणि नाजूक जागेवर बसतो. काही बाबतींत यामुळे ससा आपल्यापेक्षा आधी इशारा देतो, हे खरं. पण त्याच वेळी त्याची अश्रूंची फिल्म आपल्यापेक्षा कितीतरी स्थिर असते. ज्याचे डोळे मुळात कोरडे आहेत अशा माणसाला दिवसभर काय वाटतं, ते निरोगी सशाचा डोळा सांगू शकत नाही.

औषधांच्या थेंबांसाठी आम्ही करायचो ती चाचणी मूळ ड्रेझपेक्षा वेगळी आणि लांब असायची. भारतात नव्या औषधांसाठी जे नियम आहेत, आधी शेड्यूल वाय आणि आता २०१९ चे नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम, त्यांत डोळ्यात घालायच्या नव्या औषधाची चाचणी दोन प्रजातींवर करा असं म्हटलं आहे. त्यातली एक पांढरा ससा, कारण त्याच्या पापणीची खोबण पुरेशी मोठी असते. औषध माणसाला जितके दिवस द्यायचं त्यानुसार चाचणीचा काळ, पण ९० दिवसांच्या वर नाही. माणसाच्या मात्रेपेक्षा जास्त अशा निदान दोन तीव्रता वापरायच्या. स्लिट लॅम्पने, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या दिव्याच्या यंत्राने, कॉर्निया, आयरिस आणि त्यांच्यामधलं पाणी बघायचं, फ्लुरेसिन नावाचा नारिंगी रंग घालून वरच्या थराला कुठे ओरखडा आहे का ते शोधायचं, टोनोमीटरने डोळ्यातला दाब मोजायचा. आणि शेवटी डोळा काढून तो टिकवणाऱ्या डेव्हिडसन द्रावणात ठेवायचा, त्याचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे.

त्या ‘शेवटी’चा अर्थ उघड आहे. डोळा तपासायला ससा मारावा लागतो.

ससा पकडायची एक रीत असते. मानेच्या मागची कातडी एका हातात आणि दुसरा हात मागच्या पायांखाली. मागच्या पायांना आधार मिळाला नाही तर तो लाथ झाडतो आणि स्वतःचाच कणा मोडून घेतो. नवीन मुलांना मी पहिले काही दिवस फक्त एवढंच शिकवायची, थेंब नंतर. ससा सहसा ओरडत नाही. दुखलं तर गप्प बसतो, खाणं कमी करतो, पंजाने डोळा चोळतो. म्हणून पिंजऱ्यातला चारा किती उरला ते बघणं, हे स्लिट लॅम्पइतकंच महत्त्वाचं काम. साध्या वंगणाच्या थेंबांच्या चाचण्यांत आमच्या तक्त्यात शून्यं असायची. कॉर्निया शून्य, आयरिस शून्य, लाली शून्य. सकाळी शून्य, संध्याकाळी शून्य, तुलनेसाठी नुसतं सलाइन घातलेल्या शेजारच्या गटातही शून्य. सीएमसीसारख्या पदार्थाबद्दल हे जगाला आधीपासून माहीत असताना केवळ एखाद्या देशातल्या नोंदणीच्या फाइलमध्ये एक अहवाल जोडायचा म्हणून ती शून्यं पुन्हा मिळवली जात. त्या शून्यांसाठी जे ससे गेले ते जायला नको होते, असं मला तेव्हा वाटायचं आणि आजही वाटतं. १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नेमलेल्या समितीचा प्रतिनिधी आमच्या संस्थेच्या बैठकीला यायचा. "हे करायची गरज काय? आधीचा डेटा का चालत नाही?" हे प्रश्न त्याने विचारले की मला बरं वाटायचं. काही वेळा त्या प्रश्नांमुळे सशांची संख्या कमी झाली, काही वेळा चाचणीच रद्द झाली.

आता दुसऱ्या बाटलीकडे. हिचं नाव लिहीत नाही, कारण अशा बऱ्याच आहेत आणि आक्षेप एका कंपनीवर नाही. मॅडमची चिठ्ठी हरवली तेव्हा दुकानातून स्वस्तातली घेतली. सीएमसी तेच, ०.५ टक्के. प्रिझर्व्हेटिव्ह मात्र बेंझाल्कोनियम क्लोराइड ०.०१ टक्के. पहिल्या दिवशी काही फरक जाणवला नाही. थेंब सारखे घालावे लागत होते म्हणून मी घालत गेले, आणि मग थेंब पडताच आग व्हायला लागली. सकाळी डोळे लाल. थेंब बंद केले की कोरडेपणा, घातले की आग.

बेंझाल्कोनियम हा साबणासारखा काम करणारा रेणू आहे. जंतूंचं आवरण फोडतो म्हणून तो प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून उत्तम. पण अश्रूंवरचा तेलाचा पातळ थरही तो विस्कटतो आणि कॉर्नियाच्या वरच्या पेशींमधले सांधे सैल करतो. कधीमधी एखादा थेंब गेला तर निरोगी डोळा ते भरून काढतो. कोरड्या डोळ्याला, तेही रोज सहा-आठ वेळा, ते जमत नाही. तुम्ही ही बाटली घेण्याआधी एक गोष्ट जाणून घ्यावी असं मला वाटतं. कोरड्या डोळ्यांवरच्या औषधांचं संशोधन करताना सशाला मुद्दाम कोरड्या डोळ्यांचा आजार जडवायचा असेल, तर वापरायची एक प्रचलित रीत म्हणजे त्याच्या डोळ्यात दिवसातून दोनदा ०.१ टक्का बेंझाल्कोनियम घालणं. दोन आठवड्यांत अश्रू कमी होतात, फ्लुरेसिनने कॉर्निया ठिपक्याठिपक्यांनी रंगतो, चिकट स्राव करणाऱ्या पेशी घटतात. बाटलीतलं प्रमाण त्याचा दहावा हिस्सा असतं, हे मान्य. पण ससा ते काही आठवडेच सोसतो. आपण ते वर्षानुवर्षं घालतो.

सशांनी हे फार आधी दाखवून दिलं आहे. त्यांच्याकडून हे ज्ञान मिळाल्यावर, कोरड्या डोळ्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीत बेंझाल्कोनियम असावंच कशाला, हे मला कळत नाही. काचबिंदूच्या औषधात कधी पर्याय नसतो, ते वेगळं. वंगणाच्या थेंबात पर्याय आहेत.

भारतात बाटलीवर प्रिझर्व्हेटिव्हचं नाव आणि प्रमाण छापणं बंधनकारक आहे. औषध नियमांच्या शेड्यूल एफएफमध्ये डोळ्यांच्या औषधांचे नियम आहेत. निर्जंतुक असलंच पाहिजे, उघडल्यापासून एक महिन्यात वापरा ही सूचना हवी, बाटलीचं टोक कशालाही लावू नका ही सूचना हवी, आणि प्रिझर्व्हेटिव्ह असेल तर त्याचं नाव. अक्षर इतकं बारीक असतं की ज्याच्यासाठी बाटली आहे त्यालाच वाचता येत नाही. मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघा. दुकानातच बघा, कारण फोडलेला खोका परत घेत नाहीत.

तिसरा प्रकार वायल्स. प्लास्टिकच्या इवल्याशा कुप्या, एकेकीत ०.४ मिलिलिटर, पाच-दहा कुप्यांची पट्टी फॉइलमध्ये. प्रिझर्व्हेटिव्ह अजिबात नाही. टोपी पिळून तोडायची, थेंब घालायचे, उरलेलं टाकून द्यायचं. माझ्या डोळ्यांची आग यांनीच थांबली. बेंझाल्कोनियमची बाटली सोडून वायल्स घ्यायला लागले आणि काही आठवड्यांत सकाळची लाली गेली. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा थेंब लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलेच घ्या, असं बहुतेक नेत्रतज्ज्ञ सांगतात, आणि माझाही अनुभव तोच. तोटे आहेत. बाटलीपेक्षा बऱ्याच महाग. तोडलेल्या टोपीची कड कधी कधी धारदार राहते, म्हणून पहिला अर्धा थेंब बाहेर टाकून कडेवरून बोट न फिरवता नीट बघून घालायचं. प्लास्टिकचा कचरा रोजचा. आणि मोह होतो तो असा की कुपीत अर्धं उरलंय, संध्याकाळी परत वापरू. ते करू नका.

का करू नका याचं उत्तर २०२३ च्या अमेरिकेत मिळालं. चेन्नईजवळच्या एका कारखान्यात तयार झालेले सीएमसीचे थेंब तिथे विकले जात होते. बाटली अनेक वेळा वापरायची, आणि प्रिझर्व्हेटिव्ह नाही. त्या थेंबांशी जोडला गेलेला स्यूडोमोनास जंतूचा संसर्ग १८ राज्यांत ८१ जणांना झाला. बहुतेक सगळ्या औषधांना न जुमानणारा जंतू. १४ जणांची दृष्टी गेली, चौघांचा डोळा काढावा लागला, चौघांचा मृत्यू झाला. उघडलेल्या बाटल्यांमध्ये तोच जंतू सापडला. अमेरिकी अधिकारी तपासणीसाठी कारखान्यात आले तेव्हा निर्जंतुकतेच्या व्यवस्थेतच गंभीर उणिवा दिसल्या.

मला ही बातमी वाचून आमचे शून्यांचे तक्ते आठवले. सीएमसीचं तेच द्रावण, जंतू नसलेलं, सशांच्या डोळ्यात घातलं असतं तर चाचणी उत्तम पास झाली असती. ससा तपासतो तो पदार्थ. कारखान्यातली हवा, भरणीच्या यंत्राची नळी, कामगाराचे हातमोजे, उघडून ठेवलेल्या बाटलीचं टोक, यांतलं काहीही ससा तपासत नाही. ते तपासतात ते निर्जंतुकतेच्या चाचणीत, पोषक द्रवात नमुना घालून चौदा दिवस वाट बघून, आणि प्रिझर्व्हेटिव्हची चाचणी होते ती मुद्दाम जंतू सोडून ते मरतात का बघून. या दोन्हींत एकही प्राणी लागत नाही. साध्या वंगणाच्या थेंबांनी माणसाचं मोठं नुकसान झालं ते इथल्या हलगर्जीपणाने. म्हणून एखादी कंपनी ‘प्राण्यांवर चाचणी करून सुरक्षित’ म्हणाली तरी माझा विश्वास त्याने वाढत नाही. कारखाना कसा आहे, तपासणी कोण करतं, बाटलीची रचना काय, हे मी विचारते.

बाटलीची रचना म्हणजे चौथा प्रकार, आणि सध्या घरी असताना मी हाच वापरते. सोडियम हायलुरोनेट ०.१ टक्का, प्रिझर्व्हेटिव्ह नाही, पण कुप्यांऐवजी दहा मिलिलिटरची पंपाची बाटली. टोकाशी अशी झडप असते की थेंब बाहेर येतो, पण मागे हवा आणि जंतू आत जात नाहीत. हायलुरोनेट डोळा उघडा असताना दाट राहतं आणि पापणी लवली की पातळ होऊन पसरतं, भेंडीच्या पाण्यासारखं सुळसुळीत. धूसरपणा सीएमसीपेक्षा कमी आणि आराम जास्त वेळ. तक्रार एकच, दाबायला जोर लागतो. माझ्या सासूबाईंना संधिवात आहे, त्यांच्या बोटांनी ती बाटली दाबली जात नाही. त्यांच्यासाठी वायल्सच आणते, टोपी आम्ही तोडून देतो. उघडल्यावर बाटली किती दिवस चालते ते प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, खोक्यावर बघून उघडल्याची तारीख पेनने बाटलीवरच लिहा.

युरोपात हायलुरोनेटचे बरेच थेंब औषध म्हणून येत नाहीत, वैद्यकीय साधन म्हणून येतात. त्यामुळे त्यांची सुरक्षितता आयएसओ १०९९३ या मानकांच्या मालिकेनुसार बघतात. त्या मानकांचा क्रम मला आवडतो. आधी घटकांची माहिती, मग पेशींवरच्या चाचण्या, आणि तरीही प्रश्न उरला तर प्राणी. रसायनांच्या बाबतीत तर बरंच पुढे गेलं आहे. कत्तलखान्यातून आणलेल्या बैलांच्या कॉर्नियावरची चाचणी आणि कोंबडीच्या डोळ्यावरची चाचणी २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आली, माणसाच्या पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या कॉर्नियासारख्या थरावरची २०१५ मध्ये. जिथे ससा वापरावाच लागतो तिथेही २०१२ पासून आधी वेदनाशामक आणि भूल देणारे थेंब द्या असं लिहिलं आहे. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत ते नव्हतं. भारताने २०१४ मध्ये सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरची चाचणी बंद केली आणि २०२३ मध्ये औषधांच्या नियमांत बदल करून पेशींवरच्या आणि इतर प्राणीविरहित पद्धतींना जागा दिली. यामागे लोकांनी विचारलेले प्रश्न आहेत. १९८० मध्ये प्राण्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या हेन्री स्पायरा यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात देऊन रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीला सशांबद्दल जाब विचारला, आणि त्या कंपनीने पर्यायी पद्धतींच्या संशोधनासाठी रॉकफेलर विद्यापीठाला साडेसात लाख डॉलर दिले. प्रयोगशाळेतल्या आमच्यासारख्यांना असे लोक शत्रू वाटतात असा समज आहे. मला कधीच वाटले नाहीत.

तरी ससा पूर्ण बाद झालेला नाही, आणि आजच तो बाद करा असं मी म्हणणार नाही. एखादा खरोखर नवा रेणू, नवा प्रिझर्व्हेटिव्ह, महिनोन्महिने डोळ्यात जाणारं नवं औषध असेल, तर जिवंत डोळ्यात दाब, अश्रू, रक्तवाहिन्या आणि जखम भरणं हे सगळं एकत्र कसं वागतं ते पेशींचा थर अजून सांगू शकत नाही. तिथे थोडे ससे, नीट आखलेला अभ्यास आणि वेदनेची काळजी घेऊन चाचणी करणं मला मान्य आहे. सीएमसीच्या विसाव्या बाटलीसाठी मान्य नाही. खोक्यावर ‘प्राण्यांवर चाचणी केलेली नाही’ असं छापलेलं दिसलं तर मी त्यावरून बाटली निवडत नाही. त्यातला पदार्थ कधीतरी, कुठेतरी, कुणीतरी सशाच्या डोळ्यात घातलेलाच असतो. त्या कंपनीने पुन्हा घातला नाही एवढाच त्याचा अर्थ, आणि तेवढं चांगलंच आहे.

थोडं कुत्र्यांबद्दलही, कारण शेजारच्या वहिनींनी विचारलं म्हणून हे सगळं लिहायला बसले. त्यांची शित्झू, मिठू, डोळे किलकिले करायची, हिरवट चिकट घाण यायची. "ताई, तुमचेच थेंब घालू का तिला?" मी म्हटलं, आधी प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन शर्मर करून घ्या. कुत्र्यांमध्ये तीच पट्टी फक्त एक मिनिट ठेवतात आणि ती १५ मिलिमीटरपर्यंत भिजायला हवी. मिठूची ७ आली. शित्झू, पग, ल्हासा, कॉकर स्पॅनियल यांच्यात हा आजार पुष्कळ, बहुतेकदा शरीराची प्रतिकारशक्तीच अश्रूंच्या ग्रंथीवर उठते म्हणून. नुसतं वंगण घालून भागत नाही. ही प्रतिकारशक्ती आवरणारं सायक्लोस्पोरिनचं मलम लागतं. जॉर्जिया विद्यापीठातल्या नेत्रपशुवैद्य रेने कॅस्वन यांनी कुत्र्यांवर त्याचा उपयोग दाखवला, १९९५ मध्ये अमेरिकेत कुत्र्यांसाठी ०.२ टक्क्यांचं मलम मान्य झालं, आणि माणसांसाठी त्याच औषधाचे ०.०५ टक्क्यांचे थेंब आले ते २००२ मध्ये. म्हणजे आज कुणाला कोरड्या डोळ्यांसाठी सायक्लोस्पोरिन लिहून दिलं जात असेल तर तो उपाय आधी आजारी कुत्र्यांना बरं करताना सापडलेला आहे. प्राण्यांकडून माणसाला औषध मिळायची मला माहीत असलेली ही सर्वांत चांगली रीत. ज्याच्यावर प्रयोग झाला त्याचा आजारही त्यातून हटला.

मिठूला मलमाच्या जोडीला वंगण म्हणून डॉक्टरांनी हायलुरोनेटचेच थेंब दिले, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले. घरात कुत्रा-मांजर असेल तर डोळ्यांची लाली घालवणारे नॅफाझोलिन किंवा टेट्राहायड्रोझोलिनचे थेंब त्यांच्या तोंडाला लागतील असे ठेवू नका. बाटली चावून पोटात गेली तर हृदयाचे ठोके मंदावतात, तातडीने दवाखाना गाठावा लागतो. लालीचे थेंब आणि वंगणाचे थेंब दुकानात एकाच खणात असतात, खोकेही सारखेच दिसतात. स्टेरॉइडचे जुने थेंबही प्राण्याला मनाने घालू नका, कॉर्नियावर जखम असेल तर ती खोल जाते.

वायल्स घेताना फॉइल फुगलेलं किंवा फाटलेलं नाही ना ते पाहून घ्या, आणि फॉइल उघडल्यानंतरची मुदत शेवटच्या तारखेपेक्षा वेगळी आणि कमी असते, ती खोक्याच्या कडेला छापलेली असते.